पांढऱ्या रुईचं कन्यादान

घरी पाहुणा आला की आई आधी पाण्याचा तांब्या पुढं करायची आणि लगेच बजावायची, "भिताडाकडच्या डब्यांस्नी हात लावू नगा. चीक डोळ्यात गेला तर डोळा जाईल." अक्कलकोट रोडच्या आमच्या वस्तीत असं स्वागत दुसऱ्या कुठल्या घरी होत नसावं. इतरांच्या दारात तुळस असायची, झेंडू असायचा, हौशी माणसाकडं गुलाब. आमच्या भिंतीलगत तेलाच्या नि रंगाच्या रिकाम्या डब्यांतून रुईचे सगळे गरीब नातेवाईक ओळीनं बसलेले असायचे. पान तोडलं की पांढरा चीक येणारं जे जे म्हणून माळावर उगवतं, ते ते आईनं आणून लावलं होतं. ती मोहोळकडची, लहानपणी शेळ्यांमागं हिंडलेली. शेळ्या कशाला तोंड लावत नाहीत हे तिनं इतकं निरखून पाहिलं होतं, की शेळीनं सोडलेल्या झाडावर तिचा जीव जडायचा.

त्यात माकडशिंग होतं. चौकोनी, बिनपानांच्या, बोटभर जाडीच्या कांड्यांचं. त्याला फूल आलं की मेलेल्या उंदराचा वास सुटायचा आणि पंचक्रोशीतल्या माश्या आमच्याकडं मुक्कामाला यायच्या. त्या आठवड्यात अण्णा, म्हणजे माझे वडील, भाकरी घेऊन घरात जाऊन बसत. एरवी त्यांना उंबऱ्यावर बसून जेवायला आवडायचं. आई म्हणायची, "माश्या आल्याबिगर बी धरत न्हाय, त्येला झाड तरी काय करंल?" खरपुडीचा वेल होता. त्याचं फूल कंदिलाच्या काचेसारखं लांबट, आत उलटे केस. माशी आत शिरली की अडकायची. दिवसभर कोंडून ठेवून, अंगाला पराग फासून, दुसऱ्या दिवशी केस सुकले की फूल तिला सोडून द्यायचं. पुढं आयुष्यात काही सरकारी कचेऱ्यांशी माझा संबंध आला, तेव्हा मला नवीन काही वाटलं नाही.

मागावरच्या टॉवेलांच्या कारखान्यात अण्णा जॉबर होते, म्हणजे बंद पडलेले माग चालू करून देणारे. आयुष्यभर मागांच्या खटखटीवर ओरडून बोललेला माणूस. घरी बोलले तरी चार घरांना ऐकू जायचं. हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून ते बोलतच नसत. त्यांचं न बोलणं आम्ही सगळे शहाणपण समजत आलो. आता माझा त्याबद्दल तितकासा चांगला ग्रह राहिलेला नाही. पण आईच्या झाडांना त्यांनी कधी नावं ठेवली नाहीत. कारखान्यातलं तुटकं सूत आणायचे, जुन्या धोतराचे तुकडे द्यायचे. त्या तुकड्यांच्या पिशव्या मी शिवायची. ही सगळी झाडं बीच्या बाबतीत उधळी असतात. बोंड पिकून शिवणीवर उकललं की बिया रेशमाच्या छत्र्या उघडून वाऱ्यावर जातात. पोरं त्यांना म्हातारी म्हणतात आणि धावून धरतात. बी ठेवायचं असेल तर बोंड हिरवं असतानाच त्याला पिशवीत घालून देठाशी सूत बांधावं लागतं. आमचं अंगण लांबून पाहिलं तर झाडांना कुणी पट्ट्या बांधल्यात असं वाटायचं.

या सगळ्यांत आईचा खरा जीव होता कोपऱ्यातल्या एका रुईवर. ती मात्र डब्यात नव्हती, जमिनीत होती. पांढरी रुई काही जगावेगळी नाही. मोठ्या जातीची कुठल्याही मारुतीच्या देवळामागं सापडते. ही लहान जातीची, उभ्या पाकळ्यांची. तिच्या पाकळ्यांची टोकं एरवी हटकून जांभळी असतात. आमच्या झाडाची टोकंसुद्धा पांढरी होती. आईनं ते रोप रस्त्याच्या कामावर मुरमाच्या ढिगात पाहिलं आणि पदरात घालून आणलं. तिचा प्रश्न एकच होता: हिच्या बीपासून होईल ती पोर पांढरी निघंल का? पहिल्या खेपेला तिनं बी लावलं तर जांभळी निघाली. भुंग्यांनी नाल्यावरच्या रुईचं आणून मिसळलं होतं. मग तिनं फुलंच पिशवीत कोंडली आणि भुंग्याचं काम स्वतः हाती घेतलं. मागाच्या फणीतली एक तुटकी तार अण्णांनी दगडावर घासून बारीक करून दिली होती. रुईच्या फुलात पराग सुटा नसतो. एका काळ्या ठिपक्याला लटकलेल्या दोन पिवळ्या इवल्याशा थैल्या असतात. त्या तारेनं अलगद उचलायच्या आणि शेजारच्या फुलाच्या बारीक फटीत सरकवायच्या. आई हे करताना श्वास रोखायची. दिवसच्या दिवस तिनं हे केलं आणि सगळी फुलं गळून गेली. एक बोंड धरलं. एकच.

याच सुमारास कॉलेजच्या बाई आमच्याकडं आल्या. सात रस्त्याकडच्या एका कॉलेजात त्या वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. मागच्या माळावर माकडशिंग शोधत हिंडत होत्या आणि पाणी मागायला आमच्या दारात थांबल्या. डबे आणि पिशवीतलं ते बोंड पाहून पाणी प्यायच्या विसरल्या. "हे हातानं केलंत? कुणी शिकवलं तुम्हाला?" आई म्हणाली, "भुंग्यानं." त्यानंतर बाई तीन-चारदा आल्या. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी शेवटच्या आल्या तेव्हा बोंड हिरवंगार, पोपटाच्या पाठीसारखं होतं. त्या म्हणाल्या, "सुट्टीनंतर बी घेऊन कॉलेजात या. आमच्या बागेत वाफा देते. ते लावायचं, निगा राखायची, दोन वर्षांनी काय फूल येतंय ते पाहायचं. आणि ते करायला मला तुम्हीच पाहिजेत. साहेबांशी बोलून ठेवलंय." आईला कळलं नाही. मी समजावून सांगितलं: नोकरी. तिनं मला दोनदा सांगायला लावलं. मग भांडी घासायला गेली आणि घासलेली भांडी परत घासत बसली.

आता तात्यांकडं यायला हवं. तात्या अण्णांचे थोरले भाऊ. आमच्याच जागेत पुढच्या खोल्यांत राहायचे. ते चेअरमन होते. कशाचे, हे विचारणं अशिष्ट समजलं जायचं. एक पतसंस्था होती, एक उत्सव समिती होती आणि एक अशी संस्था होती जिचं काम फक्त तात्यांचा सत्कार करणं हे होतं. हाराचा वास त्यांच्या शर्टाला कायमचा लागलेला. त्यांची पहिली बायको बाळंतपणात गेली, दुसरी काविळीनं. मूल नव्हतं. आता अक्कलकोटच्या बाजूची एक मुलगी ठरली होती, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. गुरुजींनी पत्रिका पाहून सांगितलं की तिसरी बायको लाभत नाही. उपाय ठरलेला आहे: पुरुषानं आधी रुईशी लग्न लावायचं. मग रुई तिसरी होते, तिच्या वाट्याचं ती घेऊन जाते आणि खरी मुलगी चौथी म्हणून सुखरूप घरात येते. लग्न झालं की झाड मुळासकट उपटायचं, वाहत्या पाण्यात सोडायचं आणि घरात त्याचं पानसुद्धा ठेवायचं नाही.

आई पदर सावरून पुढच्या खोलीच्या दाराशी गेली. "भावजी, नाल्याला रुईचं रान माजलंय. त्यातली घ्या की एकादी."

तात्या पान लावत होते. "नाल्यावरची बायकू करू म्हनतीस?"

"झाडच हाय की ते."

"झाड हाय, पर लगीन माजं हाय. चार मानसं येत्याली. घरची आसताना चेअरमन नाल्यावर जाऊन हुबा ऱ्हायला, आसं म्हनतील लोकं."

"मग एक पंधरवडा थांबा. बोंड पिकू द्या."

"मुहूर्त तुज्या बोंडाला इचारून काडायचा व्हय?" तात्या हसले, आणि अण्णांकडं पाहून म्हणाले, "काय रं, सांग की हिला." अण्णांनी काही सांगितलं नाही. हिलाही नाही आणि त्यांनाही नाही.

लग्नादिवशी सकाळी सहा वाजता आईनं मला उठवून अंगणात नेलं. तिच्या हातात विळा होता. पिशवी सोडून तिनं बोंड दोन बोटांत दाबून पाहिलं, कानाशी नेलं. शिवणीवर नुकती पिवळी झाक आली होती.

"लगीन किती वाजता हाय?"

"नऊ वाजता."

"मंग आता ही रुई कुनाची?"

"आपली."

"व्हय की न्हाय?" म्हणाली आणि लांब देठासकट बोंड कापून घेतलं. "लगीन लागल्यावर तिचं पानबी माजं न्हाय. मी हात लावायची न्हाय." पुढं मी कायद्याची पुस्तकंही थोडीफार वाचली, पण एवढा स्वच्छ युक्तिवाद फार कमी ठिकाणी पाहिला.

नऊ वाजता लग्न लागलं. बँड होता. रुईला हिरवं लुगडं गुंडाळलं होतं, हळद लावली होती. नवरीचे आईबाप हवेत, आणि झाड आईनं वाढवलेलं, म्हणून कन्यादानाला अण्णा आणि आई बसले. गुरुजींनी नवरीचं नाव विचारलं. आई म्हणाली, "रुई." तेवढ्यानं भागलं नाही, म्हणून गुरुजींनीच एक भारदस्त संस्कृत नाव दिलं. अंतरपाट म्हणून अण्णांच्या कारखान्यातला नवाकोरा टॉवेल धरला. त्याच्या अलीकडं फेटा बांधलेले तात्या, पलीकडं कमरेएवढं झुडूप. टॉवेल खाली घेतला तेव्हा तात्यांना नवरी दिसायला वाकावं लागलं. कुणीही हसलं नाही. मंगळसूत्र घालताना एक फांदी मोडली आणि तात्यांच्या रेशमी बाहीवर चीक ठिबकला. "नवरी रडती," कुणीतरी म्हणालं आणि बायकांनी खरोखर डोळ्यांना पदर लावले. दहाच्या सुमारास कुदळीनं झाड उपटलं. मूळ माणसाच्या हाताएवढं लांब आणि जाड होतं. आईनं उठून खड्ड्याभोवतीची पानं वेचली आणि एकूणएक पान तात्यांच्या स्वाधीन केलं.

बोंड आठ दिवस सावलीत टांगलं होतं. मग आईनं ते माझ्यासमोर उकललं. आत बिया माशाच्या खवल्यांसारख्या एकावर एक, चपट्या, तपकिरी, भरलेल्या. रेशमाचा दांडा चिमटीत घट्ट धरून तिनं खालून वर अंगठा फिरवला आणि सगळ्या बिया ताटात उतरवल्या. एक छत्रीसुद्धा उडू दिली नाही. पावडरच्या रिकाम्या डब्यात त्या भरल्या. आईला लिहिता येत नव्हतं. डब्यावरची चिठ्ठी मी लिहिली: पांढरी रुई, लग्नाआधीचं बी. डबा फडताळात चहाच्या डब्यामागं गेला. कॉलेज उघडायला अजून महिना होता.

मग नवी काकू आली. माहेरचं नाव गौरव्वा, इथं आल्यावर लक्ष्मी. मराठी तिला कळायची, बोलताना मध्येच कानडी यायची. पहिल्या दिवसापासून ती माझ्याशी बोलली, कारण बोलण्यासारखं दुसरं कुणी नव्हतं. ज्वारीच्या भाकरी कागदासारख्या पातळ आणि कडक करायची. मला जवळ बसवून शेंगाची चटणी पाट्यावर वाटायची आणि मुलगी म्हणून जगताना काय काय लपवून ठेवावं लागतं ते सांगायची. मला मोठी बहीण नव्हती. तीन आठवडे ती मला होती.

तिला ताप आला तेव्हा आधी कुणी लक्ष दिलं नाही. मग उतरेना. डॉक्टर आले, विषमज्वर म्हणाले, इंजेक्शन दिलं, गोळ्या लिहून दिल्या आणि वेळ लागेल असं सांगून गेले. मी नुकतीच अकरावी सायन्स झाले होते. विषमज्वराच्या जंतूचं नाव मला स्पेलिंगसकट येत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तात्यांनी गुरुजींना बोलावलं. ते ओसरीवर बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "झाडाचं घरात काही मागं राहिलंय का?"

"काय न्हाय," आई म्हणाली. तिच्या हिशेबी ते खरंच होतं.

मी आत काकूच्या कपाळावर ओली घडी ठेवत होते. तिचे ओठ फुटले होते. "नीरु," ती म्हणाली, म्हणजे कानडीत पाणी. मी पाणी पाजलं. तिनं माझं मनगट धरलं. हात भाजत होता.

"मंगल, खरं सांग गं. मी तिसरी हाय का चौथी?"

"चौथी."

"मग मी का मरायलेय?"

आयुष्यात मला बऱ्याच प्रश्नांची उत्तरं आली नाहीत. त्यानं फारसं बिघडलं नाही. त्या दिवशी मला उत्तर येत होतं. जंतू, पाणी, गोळ्यांना लागणारे दिवस, सगळं. तरी मी उठले, ओसरीवर गेले आणि तात्यांना म्हणाले, "चहाच्या डब्यामागं बी आहे. आईनं लग्नाआधी काढलंय." मी 'लग्नाआधी' म्हणाले होते, हे मी स्वतःला फार वर्षं सांगत आले. जणू त्यानं काही वाचणार होतं.

तात्यांनी फडताळातून डबा काढला, चिठ्ठीकडं पाहिलंही नाही. "म्हंजी नवरीला आदीचंच पोर हुतं म्हना की," ते म्हणाले, आणि त्या अवस्थेतही आपल्या विनोदाला कुणी हसतंय का ते त्यांनी पाहिलं. मग आईला म्हणाले, "दोन घालवल्या मी. ही तिसरी तुला बगायची हुती व्हय?"

"भावजी, त्यात माजी नोकरी हाय," आई म्हणाली. तिला वाटलं असावं, खरं सांगितलं तर कळेल. "कालिजच्या बाईस्नी दाखवायचंय. मग म्हनाल तर घरात एक दाना ठिवत न्हाय. आत्ता लांब नेऊन ठिवते. माज्या म्हायेरी ठिवते." ती अण्णांकडं वळली. "आवो, तुमी तरी सांगा."

अण्णांनी तोंड उघडलं. मी पाहिलं. मग ते उठले, चपला घातल्या आणि पाळी नसताना कारखान्यात गेले.

तात्यांनी डबा चुलीत उपडा केला. बिया फुटाण्यासारख्या तडतडल्या. गुरुजींनी काहीतरी म्हटलं. आई चुलीकडं पाहत होती, माझ्याकडं नाही. संध्याकाळी तिनं त्याच चुलीवर भात केला आणि मला वाढला.

पाचव्या दिवशी काकूचा ताप उतरला. डॉक्टरांनी सांगितलं होतं तितकेच दिवस लागले. पण डॉक्टरांचा सत्कार झाला नाही. गुरुजींचा झाला, शाल आणि नारळ देऊन. तात्या ही हकीकत पुढं मरेपर्यंत सांगत राहिले. सांगता सांगता त्यात भर पडत गेली, आणि शेवटी शेवटी डबा उघडल्यावर आतून धूर आला होता.

जूनमध्ये बाई स्वतःच आल्या. आईनं त्यांना पाणी दिलं. मी दाराआड उभी होते. मला वाटत होतं, आता माझं नाव येणार. यावं असंही वाटत होतं. आई म्हणाली, "बी फोल निगालं बाई. आत दानाच भरला न्हाय. माजंच चुकलं आसंल, तार नीट लागली नसंल." बाई जरा वेळ कोपऱ्यातल्या खड्ड्याकडं पाहत राहिल्या. "असू द्या. पुढच्या वर्षी बघू," म्हणाल्या. त्यांनी कशाचं पुढचं वर्ष म्हटलं ते आम्हाला कळलं नाही. त्या पुन्हा आल्या नाहीत. आईनं डब्यांतली झाडं कुणाला दिली नाहीत, उपटलीही नाहीत. फक्त पाणी घालायचं सोडून दिलं. माकडशिंग बिचारं फार दिवस तगलं. कारखान्यातून घरी आणलेल्या टॉवेलांच्या कडा शिवायचं काम तिनं धरलं. डोळ्यांना दिसत होतं तोवर ती कडा शिवत होती. मला ती कधी काही बोलली नाही. एकदा मीच विषय काढला, बी.एस्सी. झाल्यावर. ती म्हणाली, "शिकलीस न्हवं? झालं मग." मी पुढं आयुष्यभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं. परागीभवनाचा धडा आला की मुलं म्हणायची, बाई हा धडा फार भरभर शिकवतात.

काकू अजून आहे. तीन मुलं, सात नातवंडं, मांडीचं हाड मोडून जोडलेलं, बाकी ठणठणीत. आई गेली तेव्हा ती दिवसांना आली नाही. गुडघे दुखतात असा निरोप पाठवला होता. तिचे गुडघे का दुखतात हे मला माहीत होतं. परवा मी तिला भेटायला गेले. तिच्या धाकट्या सुनेनं चहा ठेवला. काकू तिला म्हणाली, "हिच्या पाया पड. ही बोलली म्हनून मी वाचले." सून खरोखर वाकली. ती पदवीधर आहे, कुठल्याशा बँकेत लागलीय.

का कोण जाणे, इतक्या वर्षांत प्रथमच मी म्हणाले, "काकू, ताप गोळ्यांनी उतरला होता. बियांचा काही संबंध नव्हता."

काकू हसली. तोंडात आता दात नाहीत. "गोळ्या काय गं, दुसरीलाबी दिल्या हुत्या की."

"आईच्या मनात तुझ्याबद्दल काही वाईट नव्हतं. तिला नोकरी मिळणार होती त्या बियांवर."

"आसंल की," काकू म्हणाली. माझा हात तिनं आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि लहान मुलाला थोपटावं तसा थोपटत राहिली. "मी कवाच माफ केलंय बग तिला. तूबी कर आता."